जिवंतांचा कागद

सेवास्तीच्या खानावळीत पाच टेबलं होती आणि पाचही बंदराच्या भिंतीला टेकून मांडलेली. उन्हाळ्यात बोटी यायला लागल्या की ग्रीसमधल्या आमच्या कालिम्नोस बेटावर बाहेरची माणसं येत, आणि त्यांच्या हातात कुठल्या तरी पुस्तकातून उतरवून घेतलेली यादी असे: या बेटावर काय काय खायचं. भिजवलेल्या जवाच्या टोस्टांवर टोमॅटो, कांदा, खारवलेला मासा आणि सढळ हाताने तेल, ते मिर्मिझेली. द्राक्षाच्या पानात वळलेला खिमा-भात. ऑक्टोपसचे वडे. आणि यादीच्या तळाशी, बहुतेक वेळा पुढे प्रश्नचिन्ह काढून, स्पिनियालो.

सेवास्ती त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारायची, "हे खाणार? मग आधी चमचाभर चाखा. तोंड वाकडं केलंत तर पुढचं जेवण मिळणार नाही." बाई सत्तरीची, अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. लोक हसत. ती हसत नसे.

स्पिनियालो हे मुळात घरात बसून खायचं खाणंच नव्हे. स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सहा-सहा महिने जाणारे आमचे पाणबुडे ते बोटीवर करत. समुद्रतळाच्या खडकाला फूस्का नावाचा जीव चिकटलेला असतो, दिसायला नुसता दगड. तो चिरायचा, आतला पिवळा गर काढायचा, बाटलीत समुद्राच्याच पाण्यात बुडवायचा आणि बूच घट्ट लावायचं. खाताना वर तेल आणि लिंबू. ज्याला ही चव लहानपणी लागली त्याला दुसरं काही गोड लागत नाही, आणि ज्याला नाही लागली त्याच्यासाठी पाण्याचा पेला जवळ ठेवावा. सेवास्तीच्या एकुलत्या एका मुलाला, द्रोसोसला, ती पुरते दात यायच्या आधी लागली होती.

द्रोसोस गेल्याला सतरा वर्षं झाली होती. कुठे गेला हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लिबियातल्या देर्ना बंदरात बोटीवरून उतरला आणि परत चढला नाही. कुणी म्हणे तिथे बाई होती, कुणी म्हणे नोकरी होती, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते सगळ्यात जास्त सांगत. मागे राहिली त्याची बायको नोमिकी, तेव्हा बावीस वर्षांची, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली. ती सासूपाशीच राहिली. दोघींनी मिळून ही खानावळ उभी केली. सून वाढायची, सासू रांधायची. लोक सेवास्तीला म्हणत, सून असावी तर अशी, पोटच्या पोरापेक्षा बरी निघाली.

एक गोष्ट मात्र लोकांना ठाऊक नव्हती. द्रोसोस देर्नात उतरलाच नव्हता. तो मेला होता, आणि हे बेटावर फक्त सेवास्तीला माहीत होतं.

सतरा वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात, द्रोसोस गेला होता ती कप्तान मिकेसची बोट इतरांच्या दोन दिवस आधी आली आणि बंदराला न लागता मागच्या खाडीत थांबली. मिकेस एकटाच मागच्या गल्लीने चढून आला. नोमिकी कोकराची परात घेऊन पाववाल्याच्या भट्टीवर गेली होती, कारण नवरा दोन दिवसांत येणार होता आणि मसाला कसा उतरतो ते तिला एकदा करून बघायचं होतं. मिकेस दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, तो तिसऱ्यांदा खाली गेला. म्हणाला, मी त्याला तिसऱ्यांदा पाठवायला नको होतं. हवेची नळी वर ओढली तर हलकी आली. दोन दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

सेवास्ती रडली नाही. त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार काय आला, हे तिने पुढे पाद्रीबाबांनाही कधी सांगितलं नाही. मुलाचा विचार नव्हता तो. तो होता, आता ही जाईल. नवरा कधीच वारला होता. दुसरं लेकरू नव्हतं. भट्टीवर गेलेली ती पोर परत येईल, चार महिने काळं नेसेल, आणि मग तिचा बाप वाथी गावाहून येऊन तिला घेऊन जाईल. उरेल ते घर, चूल आणि आपण.

"बंदराच्या पोलिसांना काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

एका दिवसात तिसऱ्यांदा खोल पाण्यात पाठवलेला माणूस म्हणजे चौकशी होती, कदाचित तुरुंग.

"तो देर्नात उतरून गेला असं सांग," सेवास्ती म्हणाली.

"सेवास्ती, हे पाप आहे."

"आणि तिसऱ्यांदा पाठवलंस ते काय होतं?"

बोटीवरचे बाकीचे दोघं मिकेसचे सख्खे भाऊ होते, त्यामुळे तोंडं बंद ठेवणं अवघड गेलं नाही. भाऊ पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला गेले ते गेलेच. मिकेस पाच वर्षांनी खाटेवर मेला. मरताना त्याने सेवास्तीला बोलावणं पाठवलं होतं. ती गेली नाही.

तिने स्वतःला बजावलं होतं की फक्त हा एक हिवाळा. पोर जरा सावरली की सांगू. तो हिवाळा गेला, मग दुसरा गेला. खरं बोलायला एक दिवस उशीर झाला तर माफी मागता येते, दोन वर्षं उशीर झाला तर तोंड दाखवता येत नाही, आणि मग माणूस गप्प बसायलाच शहाणपण म्हणू लागतो. सेवास्तीचं तसंच झालं.

याची किंमत ती देत नव्हती असं नाही. आमच्याकडे बाई चर्चमध्ये दोन कागद देते. एकावर घरच्या जिवंत माणसांची नावं, दुसऱ्यावर मेलेल्यांची. पाद्रीबाबा दोन्ही वाचतात, नुसती नावं, आडनावं नाहीत. आणि वर्षातून काही शनिवार आत्म्यांचे असतात. त्याच्या आदल्या दिवशी गहू शिजवायचे, फडक्यावर पसरून कोरडे करायचे, त्यात मनुका, बदाम, तीळ, दालचिनी घालायची, वर भाजलेलं पीठ आणि पिठीसाखर दाबून बसवायची आणि त्यावर बदामांचा क्रूस काढायचा. हा कोलिवा. तो मेलेल्यांच्या कागदासोबत चर्चमध्ये न्यायचा आणि नावं वाचून झाली की दारात उभं राहून मूठमूठ वाटायचा. हातात घेणारा विचारतो, "कुणाचं?" नाव ऐकलं की म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." मगच तोंडात टाकतो. आमच्या बायका सांगतात, मेलेल्याला इथलं एवढंच पोचतं.

सेवास्तीने सतरा वर्षं द्रोसोसचं नाव जिवंतांच्या कागदावर लिहिलं. सगळ्यात वर, ठसठशीत. नवऱ्यासाठी गहू शिजवले, सासूसासऱ्यांसाठी शिजवले, लहानपणी तापाने गेलेल्या बहिणीसाठी शिजवले. पोटच्या पोरासाठी एक दाणा नाही. शेजारी नोमिकी उभी असायची आणि पाद्रीबाबा मोठ्याने वाचायचे, मग लिहिणार कसं? सून हातची जाऊ नये म्हणून तिने मुलाला उपाशी ठेवलं होतं. ती स्वतःशी हे याच शब्दांत म्हणायची. तिला दुसऱ्यांशी खोटं बोलायची सवय झाली होती, स्वतःशी नाही.

या वर्षी ईस्टर झाला आणि साकेलारिस बोलायला आला. साकेलारिस म्हणजे भट्टीवाला. म्हातारा भट्टीवाला मेल्यावर त्याच्या या मुलाने भट्टी घेतली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरंबाळं नाहीत. खानावळीला जवाचे टोस्ट तोच द्यायचा आणि पोतं स्वतः खांद्यावर घेऊन यायचा, हाताखाली दोन माणसं असूनही.

"मावशी, एक विचारू?"

"टोस्ट जळलेत ते सांगायला आला असशील तर मला दिसतंय."

"जळले नाहीत, खरपूस झालेत. नोमिकीबद्दल विचारायचंय."

"तीही खरपूसच आहे. पुढे बोल."

साकेलारिसने पोतं खाली ठेवलं. "मला तिच्याशी लग्न करायचंय. तिला विचारलं. ती म्हणाली, आईंना विचारा."

"तिला नवरा आहे."

"आहे कुठे?"

"आफ्रिकेत."

"मावशी, रागावू नका. सतरा वर्षं आफ्रिकेत राहिलेला नवरा तिथल्याच कुणाचा तरी नवरा असतो. आता कायदाही बदललाय. माणूस चार वर्षं टाकून गेलेला असला की सुटका होते. तिने कोर्टात जाऊन एवढंच सांगायचं, हा मला टाकून गेला."

"सांगू दे. मी काय तिचे पाय बांधलेत?"

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या पोत्याशेजारी उभी राहिली. मेलेल्या पोराच्या नावापुढे सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं जाणार होतं, बायकोला टाकून पळाला. तो तर तिसऱ्यांदा पाण्यात उतरला होता ते याच बायकोला शिवणयंत्र घेऊन द्यायचं म्हणून. पण हे आठवूनही तिने काय केलं? नोमिकी भांडी विसळत होती तिथे गेली आणि सहज बोलल्यासारखं बोलली.

"जा गं बाई तू. माझं काय, मी आहे तशी आहे. ऑक्टोबरात तो धक्क्यावर उतरलाच तर सांगेन, तुझी बायको भट्टीवर राहते."

नोमिकीने मान खाली घातली आणि तेच ताट पुन्हा विसळलं. सेवास्तीला कळलं की घाव बरोबर बसलाय. त्या आठवड्यात साकेलारिसला उत्तर मिळालं नाही. पुढच्याही नाही. पोतं तो तसंच खांद्यावरून आणत राहिला.

मग जूनमधला आत्म्यांचा शनिवार आला. नोमिकीने आपल्या आईवडिलांसाठी गहू शिजवले, दरवर्षी शिजवायची तसे. या वेळी पातेलं मोठं होतं, ते सेवास्तीच्या नजरेतून सुटलं नाही, पण तिने विचारलं नाही. तिचा गुडघा आठवडाभर सुजला होता. चर्चच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. आपला मेलेल्यांचा कागद आणि जिवंतांचा कागद तिने नोमिकीच्या हातात दिला आणि ती खानावळीत राहिली.

सकाळच्या बोटीने थेसालोनिकी शहराचं एक जोडपं उतरलं होतं. निवृत्त शिक्षक, बायकोही शिक्षिका. भिंतीपाशी बसून त्यांनी कॉफी मागवली आणि यादी काढली. बाईंनी सगळं अगदी वहीत लिहून आणलं होतं. सेवास्तीने आपलं ते चमचाभर चाखायचं भाषण केलं, आणि बाई म्हणाल्या, "आणा तर खरं, तोंड वाकडं झालं तर सरळ करून घेऊ." सेवास्तीला बाई आवडल्या. ती आत येऊन लिंबं चिरायला बसली.

नोमिकी मागच्या दाराने आली. परात दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तिने ती ओट्यावर ठेवली तेव्हा सेवास्तीला दिसलं की ती कोलिव्याने जवळजवळ भरलेलीच आहे. चर्चच्या दारात वाटून बाई परत येते तेव्हा परातीत तळाला साखर उरते. इथे बदामांचा क्रूससुद्धा अर्धा शाबूत होता.

"हे काय? वाटलं नाहीस?"

नोमिकी चुलीशेजारच्या स्टुलावर बसली.

"आई, मी त्याचं नाव दिलं."

"कुणाचं?"

"द्रोसोसचं. मेलेल्यांच्या कागदावर."

सेवास्तीच्या हातातली सुरी लिंबात तशीच राहिली.

"मला राग आला होता," नोमिकी म्हणाली. "साकेलारिस रोज पोतं घेऊन येतो, काही बोलत नाही, माझ्याकडे बघतो आणि जातो. मी त्याला थांब म्हणायचं ते कुणासाठी? तिकडे कुणाच्या तरी हातचं जेवत असेल त्याच्यासाठी. गहू चुलीवर ठेवले आणि वाटलं, मरू दे. एकदाचा मरू दे. बायका म्हणतात ना, जिवंताचं नाव मेलेल्यांत वाचलं तर तो वर्षभरात सुकून जातो. मला तेच हवं होतं. तुमच्या कागदावरचं त्याचं नाव मी चर्चच्या दारात उभं राहून खोडलं आणि माझ्या कागदावर लिहिलं. चुकून नाही, आई. मुद्दाम लिहिलं."

"पाद्रीबाबांनी वाचलं?"

"थांबले. माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, काही खबर आली. मग वाचलं." तिने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. "नाव ऐकलं आणि मला तो दिसला. चप्पल काढून उंबऱ्यावर आपटायचा ना, वाळू झाडायला, तसा. मी काय करून बसले? या घटकेला तो तिकडे कुठे उभा असेल, हसत असेल, आणि मी त्याला मारलं."

सेवास्तीने सुरी लिंबातून काढून खाली ठेवली.

"दारात बायका हात पुढे करून उभ्या होत्या. 'कुणाचं' म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते? पळत निघाले. आता याचं काय करू ते सांगा. आशीर्वाद झालाय, टाकता येत नाही. कुणाला देताही येत नाही. खाणारा म्हणणार, देव त्याला क्षमा करो, आणि जितके घास तितक्यांदा मी त्याला मारणार." ती श्वास घ्यायला थांबली. "येताना भट्टीवर थांबले. साकेलारिसला सांगितलं, होणार नाही. कधीच नाही. मला तोंड नाही आता लग्नाचं. दर शुक्रवारी अनवाणी वर मठात जाईन. आणि तुमच्याजवळ राहीन, आई. तुमचे डोळे मिटेपर्यंत मी कुठे जात नाही. तुमच्या मुलाला मारलंय मी, निदान तुम्हाला तरी सोडणार नाही."

घ्या. सतरा वर्षं जी भीती उशाला घेऊन सेवास्ती झोपत होती ती त्या एका वाक्याने संपली. काही करायचं नव्हतं. 'पोरी, देव दयाळू आहे' एवढे चार शब्द बोलायचे आणि डोक्यावरून हात फिरवायचा. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा होते, इतकी त्या तोंडाला सवय. सून कायमची आपली झाली होती, तीही पश्चात्तापाने बांधलेली, म्हणजे दोर तुटायचा प्रश्नच नाही.

तिने नोमिकीच्या हातांकडे बघितलं. लिंबं, मासे, खारं पाणी यांनी चिरा पडलेले एकोणचाळीस वर्षांच्या बाईचे हात, आणि ते एका मेलेल्या माणसाला मारल्याच्या धास्तीने थरथरत होते. सेवास्तीला तिची दया आली, आणि स्वतःची किळस आली. मग तिची नजर परातीकडे गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदा द्रोसोससाठी गहू शिजले होते. आईने नाही, शाप देणाऱ्या बायकोने शिजवले होते. आणि तेही कुणी खाल्ले नव्हते.

बाहेरून शिक्षकबाईंचा आवाज आला, "आजी, आमची बशी येतेय ना?"

"येतेय," सेवास्ती म्हणाली.

ती उठली, फळीवरून चमचा घेतला, परातीपाशी गेली. बदामांच्या क्रूसाशेजारून चमचाभर कोलिवा काढला.

"देव माझ्या द्रोसोसला क्षमा करो," ती म्हणाली आणि खाल्ला.

नोमिकी स्टुलावरून उठली. "आई, नका. तुम्ही आई आहात त्याची. मी रागात केलं, तुम्ही तरी नका म्हणू."

गहू चावायला वेळ लागतो. सेवास्तीने तो नीट चावला, गिळला आणि दुसरा चमचा भरला. "देव माझ्या द्रोसोसला क्षमा करो."

या वेळी नोमिकी पुढे आली नाही. सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती तिथेच थांबली.

"तो देर्नात उतरला नव्हता," सेवास्ती म्हणाली. "पाण्यात गेला. त्या दिवशीची तिसरी बुडी होती. नळी वर आली, तो आला नाही. तू कुणाला मारलेलं नाहीस."

"कुणी सांगितलं?"

"मिकेसने."

"कधी?"

"तेव्हाच. तू भट्टीवर गेली होतीस, कोकराची परात घेऊन."

नोमिकी मोजत होती. तिच्या डोळ्यांत ते मोजणं दिसत होतं. "ते तर बोटी यायच्या आधी. त्यानंतर दोन दिवसांनी मी धक्क्यावर गेले होते."

"हो."

"निळा झगा घालून गेले होते. सगळ्या बोटी रिकाम्या होईपर्यंत उभी होते."

"हो."

"तुम्ही माझा हात धरला होता."

"धरला होता."

चुलीवर ऑक्टोपसच्या वड्यांचं तेल तापून धूर सोडू लागलं होतं. नोमिकीने वाकून चूल बंद केली. सवयीचा हात, तो आपला चालत होता.

"पुढच्या वर्षीही गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. दहा वर्षं गेले मी, आई. लोक मागून हसायचे ते ऐकू यायचं मला. माझ्यात काय कमी होतं म्हणून टाकून गेला, एवढंच डोक्यात असायचं. आरशात बघायची लाज वाटायची." आवाज चढला नव्हता. चढला असता तर सेवास्तीला सोपं गेलं असतं. "का केलंत?"

"तू गेली असतीस."

"गेले असते," नोमिकी म्हणाली. "वर्षाने, दोन वर्षांनी गेले असते. आणि दर रविवारी आले असते तुमच्याकडे. पोरं घेऊन."

सतरा वर्षांत सेवास्तीने पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता, पण पोर गेली तर रविवारी येईल, ही एवढीशी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नव्हती.

नोमिकीने एप्रन सोडून खुंटीला लावला. सेवास्तीचा काळा रुमाल दोरीवर वाळत होता, तो तिने न विचारता घेतला आणि डोक्याला बांधला. परात उचलली. मग पुन्हा खाली ठेवली, तोच चमचा घेतला, कोलिवा तोंडात टाकायच्या आधी काहीतरी पुटपुटली. ओठ हलले ते दिसलं, शब्द ऐकू आले नाहीत. ते सासूसाठी नव्हतेच.

"कुठे निघालीस?" सेवास्तीने विचारलं.

"वाटायला," नोमिकी म्हणाली. "मी विधवा आहे."

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. शिक्षकांच्या टेबलापाशी क्षणभर थांबलेली दिसली, मग गल्लीत वळली. सेवास्ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ऐकत होती. पहिलं दार कालोतिनाचं. तिचा घोगरा आवाज आला, "कुणाचं गं?" आणि मग, "अगं बाई गं. देव त्याला क्षमा करो." मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. काही ठिकाणी पुरुषांचे आवाज होते, एका ठिकाणी कुणीतरी रडायला लागलं, बहुतेक द्रोसोसबरोबर शाळेत असलेल्यांतलं कुणी. प्रत्येक दारात तिच्या मुलाचं नाव घेतलं जात होतं आणि प्रत्येक दारागणिक ते लांब जात होतं. भट्टी गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला होती. तिथे काय बोलणं झालं ते एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. नोमिकी तिथून खाली येईल की नाही, हेही सेवास्तीला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायचा अधिकार आपल्याला नाही हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

तिने बशीत स्पिनियालो काढलं, वर तेल सोडलं, लिंबू पिळलं. गुडघा दुखत होता. भिंतीला धरून ती बाहेर आली.

टेबलावर कॉफीच्या कपांशेजारी कागदाच्या रुमालावर दोन मुठी कोलिवा होता. दोघांनी त्याला हात लावला नव्हता. शिक्षक टोपी काढून बसले होते.

"त्या बाई न बोलताच ठेवून गेल्या," शिक्षकबाई म्हणाल्या. "विचारायचं राहिलं. कुणाचं आहे?"

सेवास्तीने बशी खाली ठेवली. "माझ्या मुलाचं. द्रोसोस."

"देव त्याला क्षमा करो," दोघंही म्हणाली आणि गहू तोंडात टाकले. बाईंनी चावता चावता मान हलवली. "तरुण होता?"

"सव्वीस. स्पंज काढायला गेला होता. सतरा वर्षं झाली."

"लग्न झालेलं?"

"हो."

"अरेरे. मग बायकोचं काय झालं बिचारीच्या?"

सेवास्ती गल्लीकडे बघत होती.

"तिला आज कळलं," ती म्हणाली.